पोर्ट म्हणजे बंदर

एकतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो.
क्रेनचा आकडा खाली आला की गोण्या मोजायच्या,
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी,
पेन्सिल कानावर.
आता माझगावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर मंगळवारी सातला शिकायला बसतो.
शिकवते नाझनीन परकार, माझ्या नातीएवढी.
ओरडत नाही, पण खडू रोखून बोलते.

पहिल्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं : पोर्ट.
मी हात वर केला. म्हटलं, हे मला येतं.
सगळे हसले. ती नाही हसली.
म्हणाली, सांगा काका, बंदरात काय असतं?
धक्के असतात, म्हटलं, धक्क्यांना नंबर असतात.
तेल पीरपावला उतरतं, धान्य इकडे,
आणि बोट भलत्याच धक्क्याला लागली
तर हमाल नुसते विडी ओढत बघतात.
झालं तर, ती म्हणाली, कॉम्प्युटरलाही असेच धक्के,
मेलचा वेगळा, वेबसाइटचा वेगळा,
जो वापरात नाही तो बंद ठेवायचा.
मी वहीत लिहिलं : रात्रपाळीला कडी लावणे.

मग पॅकेट.
लेकीने मस्कतहून फोटो पाठवला
तर तो अख्खा येत नाही म्हणे. त्याच्या गोण्या होतात.
प्रत्येकीवर मार्का : कुठून, कुठे, कितवी.
एक या वाटेने, एक त्या,
इथे कोणीतरी मोजून घेतं, रचतं,
एखादी हरवली तर पुन्हा मागवतं.
पुन्हा मागवतं?
आमच्या वेळी मेमो मिळायचा.

फायरवॉलमध्ये आग नाही. ते यलो गेट आहे,
पास दाखवा, नाहीतर मागे फिरा.
एन्क्रिप्शन मात्र मला शिकवायला नको.
कंटेनर आले तेव्हाच बघितलं ते,
बाहेर नुसता लोखंडी डबा, आत काय
ते नेणाऱ्यालाही ठाऊक नाही.
उघडणार तो, ज्याच्या नावाचा माल.
त्यातच माझी नोकरी गेली.

फिशिंगच्या दिवशी हिराजी तांडेल गप्प होता.
रात्री नऊला वीज कापणार, असा मेसेज आला,
खाली निळी ओळ होती, त्याने दाबली,
बासष्ट हजार गेले. मुलाने घर डोक्यावर घेतलं.
नाझनीन म्हणाली, घाई करणारा मेसेज
म्हणजे गळ समजा.
बऱ्याच वेळाने हिराजी बोलला :
आमच्यात माशाला कोण मूर्ख म्हणत नाय, बाय.
आमिष बरं होतं म्हणतात.
तिने खडू खाली ठेवला.
त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

पासवर्ड शेवटी आला.
बायकोचं नाव नको. जन्मतारीख नको.
असं काही, जे तुमच्याशिवाय
कोणालाच माहीत नाही.

खाली गिरणी थांबली. सगळे जिना उतरले.
मी बसून राहिलो कोरी चौकट बघत.
पेन्शन बँकेला माहीत, साखर डॉक्टरला,
भांडणं शेजाऱ्यांना.
माझ्याकडे असं उरलं काय?

मग ती रात्र आठवली.
हमालांचा पगार दोन महिने अडकलेला,
धक्क्याला गव्हाची बोट,
दिवा गेलेला, किंवा कोणीतरी घालवलेला,
आणि माझी पेन्सिल
काही रेघा ओढायची विसरली.
कोणी आभार मानले नाहीत. ठरलंच होतं तसं.
घरी सांगितलं नाही. निवृत्तीच्या भाषणातही नाही.

बोटीचं नाव टाईप केलं, मग आकडा.
मध्ये एखादं चिन्ह घाला, ती म्हणाली होती.
मी आडवी रेघ घातली.

पुढच्या मंगळवारी तिने विचारलं,
ठेवला का काका? मजबूत आहे ना?
म्हटलं, एकेचाळीस वर्षं टिकलाय.

गोण्या किती, ते विचारू नका.
बोटीचं नावही नाही.